पुडीच्या कागदावरचा गब्बर

आमच्या गावात विनोद पुडीतून यायचा. राणीसावरगावात वर्तमानपत्र येत नव्हतं असं नाही. ग्रामपंचायतीत एक यायचं, एसटी थांब्यासमोरच्या हॉटेलात एक, आणि एकदोन गुरुजींच्या घरी. पण त्यांच्यावर हक्क मोठ्या माणसांचा. हॉटेलातल्या अंकाची पानं तर सकाळीच वेगवेगळ्या बाकांवर पांगलेली असायची. अग्रलेख वाचणारा खेळाचं पान मोकळं होण्याची वाट बघायचा, खेळाच्या पानावाला भविष्याची. आम्हा पोरांना पेपर भेटायचा तो किराणा दुकानात, चौकोनी तुकडे होऊन तारेला टोचल्यावर. पावशेर डाळवं, रुपयाची चहापत्ती, थोडं जिरं. दुकानदार एका हातानं कागद ओढायचा, दुसऱ्यानं त्याचा शंकू करायचा, आणि दोरा गुंडाळला जाईस्तोवर माझं लक्ष डाळव्याकडे नसे; कागदावर कुणाचं नाक दिसतंय, तिकडे असे. नाक मोठं असलं की व्यंगचित्र. बेताचं असलं की निधनवार्ता.

घरी आजी डाळवं डब्यात ओतायची आणि कागद मला द्यायची. तो गुडघ्यावर ठेवून तळहातानं दामटायचा. हळदीचा डाग, दोऱ्याची खूण, आणि मध्ये चित्र. चित्राखालची ओळ बहुतेक वेळा कापली गेलेली. तारीख तर नसायचीच. त्यामुळे कोणतं सरकार, कोणता मंत्री, कशावरून चाललंय, काही पत्ता लागत नसे. आणि तरी हसू यायचं. हे कसं व्हायचं, याचा विचार मी पुढं पुष्कळ केला. हा लेख त्या विचाराचाच.

त्यातलं एक चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. रात्र, वठलेलं झाड, हातात तलवार घेतलेला राजा ठाम पावलं टाकत निघालेला, आणि त्याच्या खांद्यावर प्रेताच्या जागी गांधी टोपी घातलेला, गालात सुपारी धरल्यासारखा एक गलेलठ्ठ इसम. खालचं वाक्य गायब. तो इसम कोण हे मला आजही माहीत नाही. पण राजा विक्रम होता, आणि त्याच्या खांद्यावर बसलेला जो कुणी असेल तो आता बोलणार, राजाला बोलायला लावणार, आणि राजा बोलला की परत झाडावर जाऊन लटकणार, हे मला चांगलं ठाऊक होतं. हे मला ‘चांदोबा’नं सांगितलं होतं. मद्रासहून निघणाऱ्या ‘चांदमामा’ची मराठी आवृत्ती 1952 साली सुरू झाली, आणि गावातल्या पोरांच्या हातून हातात फिरून तिचे अंक पापुद्रे सुटेपर्यंत वाचले जात. त्यातल्या विक्रम-वेताळाचं ते शीर्षचित्र शंकर यांचं, म्हणजे के. सी. शिवशंकरन यांचं. 2020 साली ते वारले तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडलेली होती. त्यांचं नाव आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. पण त्यांनी आखलेली ती खांद्याची रेघ, ती मान, ते लोंबणारे हात आम्ही डोळे मिटून काढू शकलो असतो.

वेताळाची कथा मुळात सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तली, म्हणजे अकराव्या शतकातली. काश्मिरातून निघून ती मद्रासच्या छापखान्यात गेली, तिथून मराठी होऊन आमच्या बालाघाटाच्या डोंगरात आली, आणि मग कुठल्याशा व्यंगचित्रकारानं तिच्यावर गांधी टोपी चढवली. नऊशे वर्षांचा संदर्भ आणि आठ दिवसांची बातमी एका चौकटीत. बातमी माझ्यापर्यंत येईतो शिळी झालेली, टोपीवाल्याची खुर्ची बहुधा गेलेली. वेताळ मात्र ताजा.

गब्बरची गोष्ट याहून उलटी. ‘शोले’ 15 ऑगस्ट 1975 ला लागला, पण मुंबईत. आमच्याकडे चित्रपट यायचे ते टुरिंग टॉकीजच्या तंबूतून, नाहीतर पुढं गणपतीत भाड्यानं आणलेल्या व्हिडिओवर. शहरात पोस्टरं उतरून पुन्हा चढल्यावर. त्याआधी गब्बर आला तो आवाज होऊन. ‘शोले’च्या संवादांची ध्वनिमुद्रिका निघाली होती, नंतर कॅसेटी आल्या. लग्नाच्या मांडवात भोंगा बांधला की सनईनंतर नंबर गब्बरचा. हळदीच्या गडबडीत बायका ओरडून बोलताहेत, आचारी मीठ मागतोय, आणि वर कडुलिंबाच्या फांदीवरून एक डाकू आपल्या माणसांची हजेरी घेतोय. आम्ही पोरं त्याचं बोलणं पाठ म्हणायचो, त्याच्या हसण्यासकट. त्याला दाढी आहे की नाही हे मात्र ठाऊक नव्हतं.

दाढी दिसली ती पुडीच्या कागदावर. दाढी, कमरेचा पट्टा, दगडावर ठेवलेला पाय, आणि समोर खाली मान घालून उभे असलेले तिघे खादीधारी. म्हणजे माझ्या आयुष्यात आधी गब्बरचा आवाज आला, मग त्याची नक्कल, आणि सगळ्यात शेवटी तो स्वतः. तंबूत त्याला प्रत्यक्ष पाहिला तेव्हा शेजारच्या एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं निकाल दिला, “आपल्या भोंग्यातल्यावानी नाही गा वाटत ह्यो.” अख्ख्या तंबूला ते पटलं.

ही उलटी वाट फक्त खेड्यातल्या पोरांची, असं मला बरेच दिवस वाटायचं. मग ‘पीनट्स’ वाचायला मिळालं. चार्ल्स शुल्झ यांची ती चित्रमालिका 1950 ते 2000 अशी पन्नास वर्षं चालली. तिच्यातला स्नूपी नावाचा कुत्रा 1965 पासून एक खूळ घेऊन बसला: आपल्या लाकडी घराच्या छपरावर चढायचं, डोळ्यांवर वैमानिकाचा चष्मा लावायचा आणि ते छप्पर म्हणजे पहिल्या महायुद्धातलं लढाऊ विमान समजून रेड बॅरनशी झुंज घ्यायची. रेड बॅरन, म्हणजे मानफ्रेड फॉन रिख्टहोफेन हा जर्मन वैमानिक, 1918 सालीच मेला होता. 1965 मधल्या अमेरिकन पोरांना त्याचं काय? त्यांच्या आजोबांच्या काळातला माणूस. पण पोरं हसली, आणि त्यातल्या पुष्कळांनी रेड बॅरन हे नाव ऐकलं ते त्या कुत्र्यामुळेच. इतिहासाचं पुस्तक नंतर आलं. तिकडचा रेड बॅरन आणि आमच्या कडुलिंबावरचा गब्बर, दोघं एकाच वाटेनं आले होते.

चित्रातला जुना संदर्भ वाचकाला आधीच ठाऊक असावा लागतो, नाहीतर विनोद वाया जातो, असं समजणारे पुष्कळ आहेत. संपादक तर हमखास. “हे आजच्या पिढीला कळेल का?” हा त्यांचा आवडता प्रश्न. मला वाटतं, कळायलाच पाहिजे अशी अट विनोदानं कधी घातलीच नव्हती. निदान आमच्या गोदाकाठानं तरी नाही.

आमचा तालुका गंगाखेड, गोदावरीवर. जनाबाईचं गाव. त्याच नदीवर वरच्या अंगाला पैठण, नाथांचं. सोळाव्या शतकातल्या एकनाथांनी भारुडं रचली तेव्हा त्यांत कोण आणलं? तेव्हाच्या रस्त्यावरची, जत्रेतली, दारावरची माणसं: वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या, कोल्हाटी. लोकांच्या करमणुकीची ही तेव्हाची नामांकित मंडळी. त्यांचं सोंग घ्यायचं, त्यांच्या तोंडी हसवणारं बोलणं घालायचं, आणि हसता हसता नेमकं ते सांगायचं. आज आमच्या गावात भल्या पहाटे मोरपिसांची टोपी घालून वासुदेव येत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात मात्र येतो, पुठ्ठ्याच्या टोपीत. पोरांना वासुदेव कळतो तो भारुडातून, आणि खरा कधी भेटलाच तर “ह्यो तर आपल्या गॅदरिंगमधला” म्हणून ती त्याला ओळखतात. मूळ माणूस गेला, सोंग राहिलं. चारशे वर्षांपूर्वीचा चालू संदर्भ आज जुना झाला, आणि त्याला जुना होऊ दिला म्हणूनच टिकला. (‘विंचू चावला’वर आजही सभागृह हसतं. तो चावला तेव्हा नेमकं कोणत्या गोष्टीवर बोट होतं, हे विचारायला कुणी थांबत नाही.)

जनाबाईचंही तेच. तिच्याबरोबर विठ्ठल दळायला बसला ही गोष्ट आमच्याकडे लहान पोरालाही सांगावी लागत नाही. आषाढी जवळ आली की मराठी व्यंगचित्रकार विठ्ठल काढतात. कमरेवर हात, विटेवर पाय, झालं. चार रेघांत अख्खा महाराष्ट्र ओळखतो. समोर कधी पावसाची वाट बघणारा शेतकरी, कधी शासकीय महापूजेला आलेला मुख्यमंत्री, कधी कर्जमाफीचा अर्ज. विठ्ठल काही बोलत नाही. तो नुसता उभा असतो, आणि कमरेवरचे हात दरवर्षी वेगळं सांगतात. वैतागलेत, थकलेत, की “आता मी तरी काय करू” म्हणताहेत, ते समोर कोण उभा आहे त्यावर. जुना संदर्भ असा पाहिजे. त्याला समोरच्याप्रमाणे बदलता आलं पाहिजे.

आणि इथंच माझा गब्बरवर राग आहे. म्हणजे अमजद खान यांच्यावर नाही, देवा रे. राग आहे तो त्याला पुन्हा पुन्हा कागदावर डकवणाऱ्यांवर. त्या वर्षीच्या अडचणीतल्या मंत्र्याचं डोकं घ्यायचं, गब्बरच्या धडावर बसवायचं, खाली सिनेमातला प्रश्न एक शब्द बदलून लिहायचा, आणि मोकळं व्हायचं. यात गब्बरनं केलं काय? काहीच नाही. नुसती हजेरी लावली. ‘मोगल-ए-आझम’मधल्या भिंतीत चिणल्या जाणाऱ्या अनारकलीचेही असेच हाल झालेत, किती जणांना त्या भिंतीत चिणलं असेल, भिंत भरून गेली असेल. आणि त्यावर कळस म्हणजे नावाच्या पाट्या. आमच्या जुन्या राजकीय व्यंगचित्रांत राक्षसाच्या पोटावर ‘महागाई’ लिहिलेलं असे, मडक्यावर ‘तिजोरी’, आणि फाटक्या धोतराच्या माणसावर ‘जनता’. मला लहानपणी खरंच वाटायचं की जनता हे कुणातरी माणसाचं नाव आहे आणि त्याच्यामागे फार साडेसाती लागलीय.

शि. द. फडणीसांच्या चित्रांत या पाट्या नव्हत्या. शब्दच नव्हते. 1925 साली जन्मलेल्या या माणसानं मराठी मुखपृष्ठावर शब्दावाचून हसवून दाखवलं. पन्नाशीच्या दशकातलं ‘मोहिनी’चं त्यांचं ते मुखपृष्ठ प्रसिद्धच आहे: शेजारी शेजारी उभे असलेले तरुण-तरुणी, एकाच्या कपड्यांवर उंदरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर मांजरांची. बाकी काही सांगायची गरजच नाही. ‘मोहिनी’ आमच्या गावात कुणी घेत नसे. फडणीस आमच्याकडे आले ते जिल्हा परिषदेच्या शाळेत, बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकातून. गणितात हसायची सोय त्यांनी करून ठेवली होती, आणि आमच्यासारख्यांना गणितात दुसरी कसली सोय नव्हतीच. त्यांच्या चित्राला सिनेमा लागत नाही, पुराण लागत नाही, साल लागत नाही. मग जुन्या संदर्भांची गरजच काय, असं कुणी विचारील. मी म्हणेन, ती वेगळी कला, ही वेगळी. फडणीस वाचकाला एकट्याला हसवतात. विक्रम-वेताळाचं चित्र बघताना वाचक एकटा नसतो. ज्यांनी ज्यांनी ‘चांदोबा’ वाचला ती सगळी पोरं त्याच्या पाठीमागून डोकावत असतात.

परभणीला शिकायला गेल्यावर पेपर अखंड वाचायला मिळू लागला, तारखेसकट. त्याच सुमारास ‘चिंटू’ भेटला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा पोरगा 21 नोव्हेंबर 1991 ला ‘सकाळ’मध्ये अवतरला. पप्पू, मिनी, बगळ्या, राजू, सोनू, जोशी काकू. वर्तमानपत्रात रोज काही चौकटी, आणि त्यात ना मंत्री ना महागाईचा राक्षस. चिंटूला संदर्भाची गरज फारशी पडत नसे. त्याचं जग एका कॉलनीएवढं. पुण्यातल्या त्या पोराचा आणि बालाघाटातल्या माझा काय संबंध? पण गृहपाठ टाळायच्या युक्त्या दोन्हीकडे सारख्याच. आता ती जुनी पानं चाळली की ध्यानात येतं, ज्यांना तेव्हा कुणी संदर्भ म्हटलं नसतं त्या वस्तूच संदर्भ होऊन बसल्यात. तारेचा टेलिफोन. दारात येणारं पोस्टाचं पत्र. उन्हाळ्याच्या सुट्टीत दिवसभर घराबाहेर असलेली पोरं आणि त्यांना हाका मारणारी आई. चित्रकारानं तेव्हा नुसतं खिडकीबाहेरचं काढलं होतं. जुनं होण्याचं काम काळानं केलं, फुकटात.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ‘अमूल’च्या जाहिराती. 1966 पासून ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली पोरगी चौकाचौकांत उभी आहे. सिल्व्हेस्टर दा कुन्हा यांची ती कल्पना, युस्टेस फर्नांडिस यांनी ती पहिल्यांदा काढली, आणि नंतर जयंत राणे यांनी वर्षानुवर्षं तिला रंगवलं. त्यांची रीत म्हणजे या आठवड्यातला सिनेमा या आठवड्यात घ्यायचा. गरम गरम. मजा येते, पण जुन्या फलकांचा संग्रह घेऊन बसलं की निम्म्या ठिकाणी डोकं खाजवावं लागतं. कुठला हा नट? कसला हा सामना? आठवड्याचा संदर्भ आठवड्याबरोबर गेला. तरी ती पोरगी राहिलीच. कारण ती आता स्वतःच जुना संदर्भ आहे. इतर व्यंगचित्रकार तिला उसनी घेतात.

गावात आता पुड्या बांधत नाहीत. प्लास्टिकची पाकिटं आली, त्यांवर छापलेलं असतं ते वजन आणि किंमत. विनोद मोबाईलवर येतो. नवरात्रात देवीला गावी गेलो की भाचा शेजारी बसून चित्रं दाखवत राहतो. तो जन्मला लक्ष्मीकांत बेर्डे गेल्यानंतर. बेर्डे गेले डिसेंबर 2004 मध्ये. पण याच्या मोबाईलमध्ये दर पाचव्या चित्रात बेर्डे, नाहीतर त्यांच्या सिनेमातलं कुणीतरी. ‘अशी ही बनवाबनवी’ 1988 चा, ‘झपाटलेला’ 1993 चा. कापसाला भाव नाही, ‘झपाटलेला’तला तात्या विंचू. परीक्षा पुढं ढकलली, तात्या विंचू. उधारी मागायला कुणी आलं की ‘बनवाबनवी’तल्या धनंजय मान्यांचा पत्ता, आणि उधारी बुडाली की ते वारलेले सत्तर रुपये. रामदास पाध्ये यांनी घडवलेल्या तात्या विंचू या बाहुल्याचा इंग्रजी पूर्वज ‘चाइल्ड्स प्ले’मधला चकी, भाच्याला चकी ठाऊक नाही आणि त्याचं काही अडत नाही. नकलेची नक्कल त्याच्यापर्यंत आली, गब्बर माझ्यापर्यंत आला तसा.

मी विचारलं, “पिच्चर बघितलास का?”

“आधी न्हाई. हे समदं फॉरवर्ड यायलं, म्हनून मग बघितला. दोनदा.” मग थोडं थांबून, “मामा, पर चित्रातला भारी हाय.”

तंबूतल्या त्या म्हाताऱ्याचाच निकाल, नव्या कोर्टात. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं परभणीचा माणूस म्हणतो ते उगीच नाही. निकाल द्यायला आम्ही कधी कचरलो नाही.

त्याच्या मित्रांनी आता गावावरच अशी चित्रं करायला घेतलीत. सिनेमातली चौकट, तोंडी घातलेलं बोलणं आमच्या बोलीतलं. एकात टाकीला पाणी नसल्याची तक्रार आहे आणि ती ऐकणारा आहे निळू फुल्यांनी रंगवलेला पाटील, भुवई तीच, खांद्यावरचा पंचा तोच. निळू फुले 2009 साली गेले. ती चौकट कोणत्या सिनेमातली, हे एकाही पोराला सांगता आलं नाही, आणि मलाही. पण त्या पाटलाच्या नुसत्या बघण्यात पाणी का येत नाही याचं उत्तर होतं. गावात सगळ्यांना कळलं. ज्याला लागायचं त्यालाही कळलं म्हणतात. त्यानं ते चित्र ग्रुपवरून काढायला लावलं. व्यंगचित्राला याहून मोठी पावती मला माहीत नाही.

वसंत सरवट्यांनी व्यंगचित्राला ‘एक संवाद’ म्हटलं होतं. त्यांच्या पुस्तकाचंच ते नाव. संवादात एकानं सगळंच सांगून टाकलं तर दुसऱ्यानं काय करायचं? माझ्या हाती आलेल्या कागदांवरची खालची ओळ कात्रीनं नेली होती, आणि त्या रिकाम्या जागेत मी माझ्या ओळी घालायचो. त्या मूळ ओळीपेक्षा चांगल्या नसतील. पण त्या घालता आल्या, कारण वर विक्रम होता, गब्बर होता, विटेवरचा विठ्ठल होता. ज्यांना धरून बोलायला सुरुवात करता येते असं कुणीतरी होतं. कोरा अनोळखी चेहरा असता तर मी कागद चुलीत घातला असता.

तेव्हा व्यंगचित्र काढणाऱ्यांना आणि छापणाऱ्यांना एवढंच म्हणणं आहे. वेताळ काढा, अनारकली काढा, तात्या विंचू काढा, हवं तर तमाशातला मावशीचा पदर काढा. पोरांनी तो बघितलाय की नाही याची काळजी करू नका. ती मागाहून शोधून काढतील. फक्त त्याला काहीतरी काम द्या, नुसता उभा करू नका. आणि खाली कंसात तो कोण, कुठल्या सिनेमातला, हे कृपा करून छापू नका.